वज्रबाहूचा खाडा

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास निशांतने ड्रॅगनचा उजवा पंख पसरला आणि पुतळामावशींचं कोलंबीचं कालवण पातेल्यासकट जमिनीवर आलं.

पंख म्हणजे अर्थात निशांतचाच हात. पण त्या घटकेला त्याला ते मान्य नव्हतं. "ढग फाटले, डोंगर हादरला," असं म्हणत त्याने तो असा काही फेकला, की मागच्या फळीवर झाकून ठेवलेलं पातेलं आधी काठावर आलं, तिथे क्षणभर रेंगाळलं, आणि मग अकरा मेंबरांचं रात्रीचं जेवण घेऊन खानावळीच्या शहाबादी फरशीवर उपडं झालं. ड्रॅगन जागच्या जागी गोठला. समोर बसलेल्या तीन शूरवीरांनी पाय बाकावर घेतले.

मावशी आतून आल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी कालवणाकडे पाहिलं, मग निशांतच्या अजून तसाच लांब राहिलेल्या हाताकडे पाहिलं.

"तू कोन झालावतास रं?"

"ड्रॅगन," निशांत म्हणाला. मग सोपं करून सांगावं म्हणून म्हणाला, "साप. मोठा. उडणारा."

"बरा. नि सापाचं पैसं कोन देनार?"

पैसे सापानेच दिले. वर दुकानात जाऊन तीन डझन अंडी आणली, ती उकडून सोलली, आणि रात्री अकरा मेंबरांनी जेवताना जे काय ऐकवलं तेही निमूट ऐकून घेतलं. त्यातला एक, पोपट नावाचा, दिवाळीपर्यंत त्याला ड्रॅगनशेठ म्हणत होता.

हे सत्त्याण्णव सालचं. घणसोली गावाच्या चहूबाजूंनी तेव्हा सिमेंटचे खांब उगवत होते आणि मधल्या जुन्या गावठाणात, एकाच्या खिडकीत दुसऱ्याचं वाळवण अशा दाटीत, पुतळामावशींच्या चार भाड्याच्या खोल्या आणि पुढची खानावळ होती. निशांत आणि आकाश त्यातल्या एका खोलीत राहत. निशांत महाप्याच्या एमआयडीसीत कॉम्प्युटर दुरुस्त करी, आकाश तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पावत्या फाडी. निखिल बेलापूरहून येई. तो तिथे एका वकिलाचा ज्युनिअर होता, म्हणजे फायली उचलायचा. आणि श्रुती निशांतच्याच ऑफिसातली, कोपरखैरण्याच्या सोसायटीत राहणारी. मुलगी येते म्हटल्यावर मावशींनी खेळ खोलीत होऊ दिला नाही. खानावळीत बसा, दार उघडं ठेवा, असा हुकूम झाला. म्हणून तर ड्रॅगन आणि कालवण एका छताखाली आले.

खेळ तोंडाचा होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापल्या वीराने काय केलं ते बोलायचं, आणि अडलं की बारा-वीस तोंडांचे विचित्र फासे टाकायचे. आकाशचा वज्रबाहू हा योद्धा, निखिलचा महाभैरव हा जादूगार आणि श्रुतीची चपला ही चोर. गोष्ट सांगणारा निशांत. त्याच्या मामेभावाने अमेरिकेहून या खेळाचं जाडजूड पुस्तक आणलं होतं आणि चार दिवसांच्या बोलीवर दिलं होतं. निशांतने ते झेरॉक्स केलं, पानाला साठ पैसे. त्यात वीरांच्या रोजच्या खर्चाचं दोन पानी प्रकरण होतं. राहणं, खाणं, धुणं, घोड्याचा चारा, असलं. तलवारी आणि राक्षस सोडून हे कोण वाचणार, म्हणून निशांतने तेवढी दोन पानं गाळली आणि एक रुपया वीस पैसे वाचवले.

ती बचत त्याला भोवली. पाच महिन्यांत तिन्ही वीरांनी भुतंखेतं मारून प्रत्येकी नऊशे सोन्याची नाणी जमवली आणि त्यातलं एकही खर्च केलं नाही, कारण खर्च करायला कुणी सांगितलंच नव्हतं. आता निशांत म्हणे, डोंगरातल्या गुहेतून किंकाळी ऐकू येते आहे. निखिल म्हणे, येऊ दे. महाभैरवाला काय कमी आहे? वज्रबाहू तर गावाबाहेरच्या वडाखाली आडवा झाला होता तो उठायलाच तयार नव्हता. आकाशला बोनकोड्याच्या टेनिस बॉल टीमने ओपनिंगला बोलावलं होतं, तेही नेमकं रविवारी. दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर मी चाललो, असं त्याने सरळ सांगून टाकलं होतं. आकाश गेला की निखिल येणार नाही, कारण तो आकाशच्या ओळखीचा. दोघं गेल्यावर श्रुतीची आई तिला घणसोलीला पाठवणार नाही. तिचं आताच म्हणणं होतं की तुम्ही दर रविवारी करता तरी काय. आणि निशांत? तो संगमनेरहून येऊन आठ महिने झाले होते. या शहरात ज्याच्या घरी सहज जाऊन बसावं असं त्याला एकही दार नव्हतं. खेळ मोडला तर रविवारी करायचं काय, हा त्याच्यापुढचा खराखुरा ड्रॅगन होता. त्या घाईतच पंख जरा जास्त पसरला गेला.

पुतळामावशी अंड्यांचं मार्गी लावून लसूण सोलायला बाकावर येऊन बसल्या. आपलं कालवण कशापायी गेलं ते बघायचं होतं. रविवारी चारला टीव्हीवर मराठी पिक्चर असे आणि तो त्या चुकवत नसत, पण त्या दिवशी अर्धा तास हाताशी होता.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, हा वज्रबाहू निजतो कुठे?

आकाश म्हणाला, वडाखाली.

पाच महिने? हो. जेवतो काय? आकाशने निशांतकडे पाहिलं. निशांत म्हणाला, मावशी, या खेळात ते विचारत नाहीत. मावशींचा हात थांबला. पाच महिने ह्या पोराने तलवार मारली आणि पोटात भाताचं शीत नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. मग त्यांनी त्याच्याकडचा पैसा विचारला.

"नऊशे सोन्याची नाणी," आकाश जरा तोऱ्यात म्हणाला.

"नवशे सोन्याची नानी नि झाडाखाली निजतो. याला पोरगी कोन देल?"

श्रुती इतकी हसली की तिचे फासे टेबलाखाली गेले. मावशींनी लसणाची टोपली बाजूला सारली आणि निशांतला सांगितलं, तुझ्या त्या गावात माझी खानावळ टाक. कालवण सांडलेल्या माणसाला नाही म्हणण्याचा अधिकार नसतो. निशांतने नकाशावर वडाशेजारी एक चौकोन काढला.

एक नाणं म्हणजे किती, हे त्यांनी त्याला विचारलं. ते नेमकं त्या दोन पानांत होतं. मग मावशींनीच दर बांधून दिले. दोन वेळचं जेवण आणि झोपायची जागा, महिन्याला साठ. एक महिन्याचं डिपॉझिट, एक महिन्याचं आगाऊ. घोड्याचं वेगळं. रक्ताचे कपडे असतील तर साबण दुप्पट. निखिलने वकिली सुरू केली. महाभैरव एकभुक्त आहे, शाकाहारी आहे, वारं पिऊन राहतो, तेव्हा त्याला निम्मा दर असावा. मावशी म्हणाल्या, निम्मं जेवणारा माणूस तासाभराने परत येऊन डबे उघडतो, त्याचे तर जास्त घ्यायला पाहिजेत. शिवाय ती दाढी ताटात येणार, तिच्यासाठी फडकं लागणार, त्याची दोन नाणी महिन्याला. निखिलने फडक्यावर अर्धा तास युक्तिवाद केला आणि हरला. वकिलाकडे फायली उचलून त्याला जे शिकता आलं नव्हतं ते त्या अर्ध्या तासात आलं असावं.

ही बाई अशी का, ते गावात कुणीही सांगितलं असतं. जमिनी शहराला गेल्या तेव्हा पैसा सगळ्यांकडे आला. कुणी जीप घेतली, कुणी लग्नात दोन-दोन बँड लावले. पुतळाबाईंनी नवऱ्याला, नामाला, ओट्यावर बसवलं, पैशाचं गाठोडं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि खोल्या काढल्या. खोल्यांत एकटी माणसं आली. ती भाताची पेज करून खातात आणि डाळ करपवतात, हे वासावरून कळलं, तेव्हा खानावळ काढली. लिहिता येत नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला प्रत्येक मेंबरचा खडूने एक उभा पट्टा, दिवसाला एक रेघ, खाड्याला फुली. सात वर्षांत त्या दाराशी वाद घालून कुणी जिंकलेलं नव्हतं.

आता त्या दारावर, अकरा मेंबरांच्या खाली, तीन पट्टे आणखी आले. वज्रबाहूचा, महाभैरवाचा आणि चपलेचा.

आणि गंमत अशी की खेळाला रंग चढला. खेळात एका रविवारी तीन-तीन महिने सरत. वज्रबाहूला वडाखालून उठवून खोली घ्यायला लावली. ती महाग पडते म्हणून त्याने महाभैरवाबरोबर शेअरिंग केलं. महाभैरव रात्रभर पोथ्या वाचतो, तेल जळतं, ते कोणी द्यायचं यावर दोघांचं बोलणं बंद झालं. चपलेने खानावळीतलं भांडं चोरलं आणि ते तिलाच पुन्हा विकत घ्यावं लागलं. आकाश, जो आधी आपली पाळी आली की उठून बसायचा, तो आता दुसऱ्या वाटीच्या आमटीसाठी घासाघीस करत होता. मावशी पिक्चर मध्यंतरापासून बघू लागल्या, मग बघेनाशाच झाल्या. चौथ्या रविवारी प्रत्येकाच्या थैलीत चाळीस नाणी उरली, आणि त्याच निखिलने विचारलं, ज्याने किंकाळीला येऊ दे म्हटलं होतं, "ती गुहा कुठंशी म्हणालास रे?"

निशांतला भरून आलं. आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरच्या नावाखाली त्याने गुहाच काढली. पंधरा दालनं, पाण्याखालचा रस्ता, हाडांचा पूल.

पाचव्या रविवारी वीर निघाले. तीन दिवसांची वाट त्यांनी विनातक्रार तोडली. गुहेच्या तोंडाशी आले. आतून गरम वाफ येत होती. निशांतने आवाज खाली आणला, इतका की मावशीही पुढे वाकल्या. वज्रबाहूने तलवार उपसली.

आणि आकाश थांबला. तो हळूच निखिलकडे वळला.

"तू खाडा सांगितलास का?"

"मला वाटलं तू सांगशील."

दोघांनी श्रुतीकडे पाहिलं. श्रुतीने मान हलवली. खानावळीत जेवलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. जेवायला येणार नसाल तर आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत सांगायचं, तरच त्या दिवसाचे पैसे कापले जातात; नाही सांगितलं तर रेघ चढतेच. निखिलने तिथल्या तिथे कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडला. यायचे तीन दिवस, आतले तीन, परतीचे तीन. तीन माणसं, दिवसाला दोन नाणी. चोपन्न नाणी फुकट. ड्रॅगनकडे किती सोनं आहे ते नक्की नाही, खाडा मात्र नक्की. निशांतने वाफ आणखी गरम केली, किंकाळ्या वाढवल्या, एक म्हातारी सुद्धा वाचवायला ठेवली. उपयोग झाला नाही. ड्रॅगनच्या दारातून तिघे वीर खाडा सांगायला परत फिरले.

परत आल्यावर मावशींनी तो घेतला नाही. झाल्या दिवसांचा खाडा लागत नाही, आणि जायचे-यायचे सहा दिवस होऊन गेले होते. तीन पट्ट्यांवर सहा-सहा रेघा ठणठणीत चढल्या. आकाश उठला. म्हणाला, हे फार झालं. बोनकोड्याचा कॅप्टन पुढच्या रविवारी संध्याकाळी उत्तर घ्यायला येणार आहे, मी त्याला हो म्हणतो.

सोमवारी सकाळी निशांत कामावर जायच्या आधी खानावळीत गेला. मावशी तांदूळ निवडत होत्या, नामाकाका ओट्यावर मिश्री लावत बसले होते. निशांतने आपलं गाऱ्हाणं मांडलं. तेवढा खाडा सोडा. आकाश गेला तर सगळं बंद पडेल. आणि मावशी, शेवटी पैसे खोटेच आहेत ना.

"पैसं खोटं आसतील. मी भात टाकला तो?"

"तोही खोटाच."

 मावशी ताटात बोट फिरवत सांगू लागल्या. पहिल्या वर्षी तीन सुपरवायझर जेवायला होते, पाइपलाइन टाकणारे. एका सकाळी न सांगता पुण्याला गेले. मावशी रोज संध्याकाळी तीन ताटं वाढून झाकून ठेवत, आता येतील म्हणून. नामा म्हणे, नको ठेवू. आठ दिवस ठेवली. रोज सकाळी तो भात कुत्र्यांना. शेत होतं तेव्हा या घरात भाताचा दाणा कधी मोजला नव्हता आणि कधी टाकलाही नव्हता. आता किलोवर विकत आणलेला टाकायचा. सुपरवायझर आले तेव्हा हसले. म्हणाले, बाई, पैसे कापू नका, घ्या की आठ दिवसांचे. त्यांना वाटलं हिला पैशाचं लागलंय.

 ओट्यावरून नामाकाका म्हणाले, "मी सांगत व्हतो, नको ठेवू." मावशींनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या तिसरंच विचारू लागल्या.

"तुजा तो साप खातो काय?"

मेंढरं, निशांत म्हणाला. कधी माणसं.

"नि इतके महिने गुहेतच बसून हाय? त्याला डबा कोन पोचवतो?"

निशांत बस सोडून महाप्यापर्यंत चालत गेला. एवढे महिने त्याने तीन माणसांना गुहेत न्यायची खटपट केली होती, आणि गुहेतल्या जनावराला भूक असते हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. ऑफिसात पोचल्यावर त्याने पंधरा दालनांचा नकाशा घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

सहाव्या रविवारी तो हात मांडीखाली घेऊन बसला. फळी मावशींनी आधीच मोकळी केली होती. आकाश बूट न काढता बाकाच्या टोकाला, म्हणजे केव्हाही उठायच्या बेतात. निशांतने सांगायला सुरुवात केली. संध्याकाळ झाली आहे. खानावळीत पानं मांडली आहेत. वज्रबाहू दुसरा भात घेतो आहे. इतक्यात वाऱ्याची दिशा बदलते आणि मावशींच्या कालवणाचा वास डोंगरापर्यंत जातो. कित्येक महिन्यांचा उपाशी ड्रॅगन गुहेतून डोकं बाहेर काढतो. मग कौलांवर काहीतरी जड बसतं.

निखिल लगेच म्हणाला, मागचं दार आहे ना? आपण मागच्या दाराने सुटू. श्रुतीने चपलेची वळकटी बांधायला घेतली. आकाश घड्याळाकडे बघत म्हणाला, पळा, खानावळ जळेल तर जळेल.

मग तो थबकला.

"अरे थांबा. आपलं डिपॉझिट."

एक महिन्याचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ. माणशी एकशेवीस नाणी त्या छपराखाली होती. थैलीत जेमतेम चाळीस. आकाशने बूट काढले, मांडी घातली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा फासा हातात घेतला. वज्रबाहू ताटावरून उठला तो हात न धुता. पुढचे अडीच तास त्या खानावळीत जे झालं ते निशांतने एवढे महिने स्वप्नात पाहिलं होतं. महाभैरवाने दाढीचं फडकं भिजवून तोंडाला बांधलं आणि उरलेला एकमेव मंत्र भाताच्या कोठीवर खर्च केला. चपलेने ड्रॅगनची शेपटी विहिरीच्या रहाटाला बांधली. फासे पडत होते, कुणी उठत होतं, कुणी बसत होतं. मावशी खेळात नव्हत्या तरी मधूनच सांगत होत्या, चुलीकडं बघा, चुलीकडं. वज्रबाहूचा डावा खांदा भाजला, तरी त्याने उजव्या हाताने पंखावर असा घाव घातला की ड्रॅगन किंकाळी फोडून, अर्धी कौलं घेऊन, डोंगराकडे पळाला.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. बोनकोड्याचे कॅप्टन, हौसेराव, वय बेचाळीस, आत डोकावले. मग काय ठरलं, ओपनिंगला येतोस ना?

आकाशने फाशावरची नजर काढली नाही. "रविवारी नाही जमायचं, हौसेराव. डाव्या खांद्याला लागलंय."

हौसेरावांनी त्याचा खांदा नीट न्याहाळला. मग टेबलाभोवतीच्या बाकीच्यांचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता स्कूटरला किक मारली.

पुढच्या रविवारी किती वाजता जमायचं, हे निखिलनेच विचारलं. जखमी ड्रॅगन परत येणार हे उघड होतं, त्याआधी कौलं बसवायला हवी होती, आणि कौलांचा खर्च डिपॉझिटमधून जातो की नाही यावर त्याला बोलायचं होतं. श्रुती म्हणाली, मी आईला सांगते ऑफिसचं काम वाढलंय. तिघं बोलत बोलत बाहेर पडले.

निशांत मागे राहिला. त्याचा चेहरा असा फुलला होता की आज जगात कुणाकडूनही काहीही मागून घ्यावं. मावशी दारापाशी खडू घेऊन उभ्या होत्या, खालच्या तीन पट्ट्यांवर आजच्या रेघा ओढत. तो त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, मावशी, या तिघांनी जीव धोक्यात घालून आज तुमची खानावळ राखली, आता या महिन्याचं बिल तरी त्यांना माफ करा.

मावशींनी वज्रबाहूची रेघ पुरी केली.

"मंग उपाशी लढले काय?"